माजघरातील भिंत

एकाच खोलीत वाढणाऱ्या भावंडांची पहिली वाटणी बहुधा खडूच्या रेघेने होते. खिडकीकडची बाजू कोणाची, कोनाडा कोणाचा, दिव्याखालची जागा कोणाची, यावरून तंटा माजतो. थोरला भाऊ जमिनीवर रेघ ओढतो, धाकटा ती हळूच पायाने पुसून दोन बोटे पुढे सरकवतो आणि बहिणीची गादी कोणत्या बाजूस पडावी, हा प्रश्न दोघांपैकी कोणालाच सुचत नाही. सायंकाळी आई केर काढते, रेघ नाहीशी होते व तंटाही मिटतो. पुढे तीस-चाळीस वर्षांनी त्याच भावंडांमध्ये तीच रेघ पुन्हा ओढली जाते. त्या वेळी ती ओढणारा मनुष्य न्यायालयाने नेमलेला असतो, त्याच्या हातात खडूऐवजी मोजपट्टी असते आणि त्याने आखलेली रेघ केरसुणीने पुसली जात नाही.

या दुसऱ्या रेघेला नऊशे वर्षांचा इतिहास आहे. तो सांगण्यास हैदराबादच्या जामबागेसारखी दुसरी सोयीची जागा नाही. कोठी आणि मोझमजाही मार्केट यांच्या मधोमध असलेला हा भाग फुलांच्या बाजारासाठी दीर्घकाळ प्रसिद्ध होता. मराठी मंडळींना तो अधिक ओळखीचा आहे तो विवेक वर्धिनी या शिक्षणसंस्थेमुळे. केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींच्या प्रयत्नांतून १९०७ साली ही संस्था निघाली. कोरटकर पेशाने वकील. पुढे ते हैदराबाद संस्थानच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्या काळी निजामाच्या राज्यात होते. वकिली, नोकरी, व्यापार आणि शिक्षण यांच्या निमित्ताने तिकडची कुटुंबे राजधानीत येत आणि जामबाग, सुलतान बाजार, गौळीगुडा या बाजूंना बिऱ्हाड थाटीत. येताना ती आपली भाषा, आपले कुलाचार आणि आपला वारसाहक्काचा कायदाही बरोबर आणीत. या कायद्याचा मूळ ग्रंथ मात्र दूर काशीला किंवा मिथिलेला रचला गेला नव्हता. हैदराबादहून सोलापूरकडे निघालेल्या हमरस्त्याच्या जवळच एक गाव आहे. त्याचे आजचे नाव बसवकल्याण, जुने नाव कल्याणी. संस्थानच्या काळात ते बीदर जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्याच मुलखात होते. सबंध हिंदुस्थानात भावाभावांच्या वाटण्या ज्या ग्रंथाच्या आधाराने झाल्या, तो मिताक्षरा नावाचा ग्रंथ तेथे लिहिला गेला.

त्या ग्रंथाकडे वळण्यापूर्वी जुन्या घराची रचना ध्यानात घेतली पाहिजे. ओटी, ओसरी, माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर, परसू ही वाड्याच्या भागांची नावे पाहिली तर त्यांत कोणाच्याही मालकीची खोली आढळत नाही. प्रत्येक भागाला काम नेमून दिलेले असे. माणूस नेमून दिलेला नसे. जेथे दुपारी धान्य निवडले जाई, तेथेच रात्री वळकट्या सोडून मुलांची रांग झोपे आणि सकाळी वळकट्या भिंतीशी लागल्या की खोली पुन्हा सर्वांची होई. ‘निजायची खोली’ हा शब्दप्रयोग मराठीत मागाहून रुळला. ‘माझी खोली’ हा त्याहूनही अलीकडचा. घरे लहान झाली, मुले शाळा-कॉलेजांत जाऊ लागली, अभ्यासाला टेबल आले, टेबलाला जागा लागली आणि मग ती जागा कोणाची, असा प्रश्न उभा राहिला. मध्ये कपाट उभे करणे, दोरीवर जुन्या लुगड्याचा पडदा सोडणे हे उपाय मध्यमवर्गीय घरांत सर्वत्र दिसतात. पडदा आडवा आला की उजेड एका बाजूचा होतो, पंखा दुसऱ्या बाजूचा. आणि पडद्याच्या आड बहुधा बहीण असते, कारण आडोशाची गरज तिची, असे घरातील सर्वांनी मानलेले असते.

कल्याणीच्या विज्ञानेश्वराने नेमका हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत हाताळला. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याची कारकीर्द १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षांची. काश्मीरचा कवी बिल्हण याच राजाच्या आश्रयास होता आणि विज्ञानेश्वरही त्याच्याच काळातला. याज्ञवल्क्यस्मृतीवर त्याने जी टीका लिहिली, तिचे नाव मिताक्षरा, म्हणजे मोजक्या अक्षरांची. नाव विनयाचे असले तरी पुढे तिचा अंमल बंगाल-आसाम वगळता बहुतेक सर्व देशावर चालला. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग मान्य होता. १८१० साली कोलब्रुक या इंग्रज पंडिताने या दोन्ही ग्रंथांतील वारसाविषयक प्रकरणे इंग्रजीत आणली. तेव्हापासून इंग्रजी न्यायाधीश त्यांच्याच आधारे निवाडे देऊ लागले.

वाटणी म्हणजे काय, या मूळ प्रश्नावरच दोघा पंडितांचा मतभेद होता आणि तो मोठा मनोरंजक आहे. विज्ञानेश्वराच्या मते मुलगा जन्मतःच वडिलार्जित मालमत्तेचा धनी होतो. तीन भाऊ एकत्र असतील तर तिघांचीही मालकी सबंध घरावर असते. खिडकीही तिघांची, कोनाडाही तिघांचा. वाटणीने ही पसरलेली मालकी आवरून एकेका भागावर बसवायची असते. जीमूतवाहनाला हे पटत नाही. त्याच्या मते प्रत्येक भावाची मालकी आधीपासून एका भागापुरतीच असते, फक्त तो भाग कोणता हे कोणाला ठाऊक नसते. चिठ्ठ्या टाकल्या की जे अज्ञात होते ते उघड होते. चिठ्ठीने भाऊ काही नवे मिळवीत नाहीत, आपले होते ते ओळखतात. खोलीत रेघ ओढणाऱ्या मुलांना विचारले तर ती नकळत जीमूतवाहनाच्या बाजूने बोलतील: ‘ही बाजू पहिल्यापासून माझीच होती!’

धर्मशास्त्रकारांची दृष्टी व्यवहारी होती, याची साक्ष न वाटण्याच्या वस्तूंच्या यादीत मिळते. अंगावरचे वस्त्र, शिजलेले अन्न, पाणी यांची वाटणी करू नये, असे मनूने सांगितले. त्याच यादीत ‘प्रचार’ असा एक शब्द आहे. विज्ञानेश्वर त्याचा अर्थ घरात व बागेत येण्याजाण्याची वाट असा करतो. घराचे तुकडे करा, पण वाट सर्वांची राहू द्या. आडाच्या पाण्याचेही तसेच. आड मोजून देता येत नाही आणि विकून त्याची किंमत वाटून घेणेही बरे नव्हे. म्हणून पाळीपाळीने पाणी भरावे. वाड्यातल्या आडावर सकाळी कोणाची पाळी आधी, यावरून जावाजावांत उडालेले खटके पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांच्या मुळाशी इतका जुना दंडक आहे.

वाटणी झाली की नाही, याविषयी पुढे वाद पडला तर खुणा कोणत्या पाहाव्यात? नारदाने त्या दिल्या आहेत. देणेघेणे, गुरेढोरे, घर, शेत, स्वयंपाक, धर्मकृत्ये, जमाखर्च हे सारे वेगळे असेल तर भाऊ विभक्त समजावेत. विभक्त भाऊ एकमेकांस जामीन राहू शकतात, एकमेकांचे साक्षीदार होऊ शकतात, परस्परांना कर्जही देऊ शकतात. एकत्र असताना यांतले काहीच करता येत नाही. एका स्वयंपाकात राहणाऱ्यांचे देवपितरांचे कार्य एक. स्वयंपाक वेगळा झाला की कार्य घरोघर. मराठीत वाटणीला ‘चूल वेगळी होणे’ म्हणतात ते उगीच नव्हे. या सगळ्या खुणांत निजण्याची जागा कोठेच येत नाही. एकाच छपराखाली, एकाच माजघरात झोपणारे भाऊ कायद्याने विभक्त असू शकत आणि शंभर कोसांवर राहणारे भाऊ एकत्र असू शकत.

इंग्रजी अमदानीत हा विचार आणखी पुढे गेला. १८६६ साली मद्रास इलाख्यातून आलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की, वाटे मुक्रर करण्याचा करार झाला की कुटुंब विभक्त झाले. प्रत्यक्ष हद्दी मागाहून आखल्या तरी चालतील. १९१६ साली नागपूरकडील गिरिजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज या दाव्यात त्याहून सूक्ष्म मुद्दा निघाला. एका भावबंदाने वेगळे होण्याचा आपला निश्चय इतरांस स्पष्ट कळवला होता आणि पुढे वाटणी हातात पडण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. निश्चय कळवताच तो विभक्त झाला, असा निकाल लागला. भिंत मनात उठली तेव्हाच उठली, असेच जणू न्यायमूर्तींनी मानले. या निकालावर त्या विधवेचा सारा योगक्षेम अवलंबून होता. पती एकत्र कुटुंबात वारला असता तर त्याचा हिस्सा मागे राहिलेल्या भावबंदांकडे गेला असता आणि तिच्या वाट्यास केवळ पोटगी आली असती.

येथवर जे सांगितले ते सारे भावांचे झाले. ‘जन्मतः मालकी’ या विज्ञानेश्वराच्या सिद्धांतातला जन्म मुलाचा होता. मग त्याच माजघरात जन्मलेल्या बहिणीचे काय? सामान्य समजूत अशी की, जुन्या शास्त्राने तिला काहीच दिले नाही. ही समजूत पुरती खरी नाही. वडिलांच्या पश्चात भाऊ वाटणी करतील तेव्हा अविवाहित बहिणींना त्यांनी चतुर्थांश द्यावा, असे याज्ञवल्क्याचे वचन आहे. विज्ञानेश्वरापूर्वीच्या काही टीकाकारांनी याचा अर्थ पातळ केला होता. त्यांचे म्हणणे, चतुर्थांश म्हणजे लग्नापुरता खर्च. विज्ञानेश्वराने हे मत खोडून काढले. वचनात चतुर्थांश म्हटले आहे तेव्हा चतुर्थांशच दिला पाहिजे, असे त्याने बजावले, आणि कोणास शंका राहू नये म्हणून हिशेबही करून दाखवला. दोन भाऊ व एक बहीण असतील तर बहीण जणू मुलगाच आहे असे धरून मालमत्तेचे तीन भाग करावेत. त्यातल्या एका भागाचे चार तुकडे करावेत, एक तुकडा बहिणीस द्यावा आणि उरलेले सर्व भावांनी समान वाटून घ्यावे.

हा हिशेब खोलीवर मांडून पाहण्यासारखा आहे. बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी एक खोली घ्यावी. क्षेत्र १४४ चौरस फूट. विज्ञानेश्वराच्या रीतीने बहिणीला बारावा हिस्सा, म्हणजे १२ चौरस फूट मिळतात. सहा फूट लांब व दोन फूट रुंद अशी ती पट्टी होते. एक वळकटी पसरावी एवढीच. प्रत्येक भावाला ६६ चौरस फूट. आजच्या दृष्टीला हा न्याय कृपण वाटेल आणि तो कृपण होताच. पण ती वळकटीएवढी जागासुद्धा बहिणीकडे राहिली नाही. पुढच्या काळात व्यवहाराने व न्यायालयांनी विज्ञानेश्वराने खोडलेलेच मत उचलले. चतुर्थांश मागे पडला आणि बहिणीच्या वाट्यास लग्न होईपर्यंतचे पोषण व लग्नाचा खर्च एवढेच उरले. ज्या ग्रंथाला प्रमाण मानून भावांचे दावे चालत, त्याच ग्रंथातील बहिणीचे कलम कालबाह्य ठरवण्यात कोणास संकोच वाटला नाही.

जामबागेतील मराठी घरांच्या भिंतीपलीकडे मुसलमान शेजाऱ्यांची घरे होती. त्यांच्या शरियतीत मुलीचा वाटा प्रारंभापासून ठरलेला: मुलाच्या निम्मा. दोन भाऊ व एक बहीण असतील तर मालमत्तेचे पाच भाग आणि त्यांपैकी एक तिचा. आपल्या खोलीत जवळजवळ २९ चौरस फूट. हा वाटा प्रत्यक्ष हातात पडे किंवा भावाच्या नावे सोडून दिला जाई. परंतु कायद्यात तो होता. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा आणि मुलगी यांना समान वारस ठरवले होते. जे घर तोडता येत नाही त्यावर वारसांनी आपसांत बोली करावी, ज्याची बोली चढेल त्याने घर घ्यावे आणि इतरांना पैसे द्यावेत, अशी तिथली रीत. ब्रिटिश हिंदुस्थानात डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने १९३७ साली विधवेला पतीच्या मिळकतीत हक्क मिळाला, पण त्या कायद्याने मुलीला काही दिले नाही. शिवाय निजामाचे राज्य ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळाच्या हद्दीबाहेरचे.

स्वातंत्र्यानंतर हिंदू संहितेचे विधेयक पुढे आले. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९४८ साली चिकित्सा समितीने मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा केला. विरोध प्रखर झाला. विधेयक रेंगाळले, आणि १९५१ साली आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत या संहितेची झालेली परवड हे एक ठळक कारण होते. पुढे संहितेचे तुकडे करून कायदे झाले. त्यांपैकी हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला.

जामबागेच्या दृष्टीने हे वर्ष दुहेरी वाटणीचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच विभागले गेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे गेले. राजधानी तेलंगणासह आंध्र प्रदेशात राहिली. मिताक्षरेची कल्याणी एका राज्यात, परभणी-नांदेडची मूळ घरे दुसऱ्यात आणि जामबागेतले बिऱ्हाड तिसऱ्यात. एक भाऊ नोकरीनिमित्त औरंगाबादेस किंवा मुंबईस गेला, दुसरा हैदराबादेतच राहिला, बहीण आणखी कोठे दिली, असे चित्र अनेक घरांत दिसू लागले. निजणारी माणसे पांगली आणि खोली मात्र सर्वांच्या नावे तशीच राहिली.

नव्या कायद्याने मुलीला वारस म्हटले खरे, पण वडिलार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः मालकी पूर्वीप्रमाणे मुलांचीच ठेवली. मुलीला हक्क मिळाला तो वडिलांच्या वाट्यापुरता. वर घेतलेल्या खोलीचा हिशेब पुन्हा करावा. आई हयात नाही असे धरले तर वडील आणि दोन मुलगे यांचे तीन वाटे; वडिलांच्या पश्चात त्यांच्या तिसऱ्या हिश्शाचे दोन मुलगे व एक मुलगी यांच्यात पुन्हा तीन भाग. मुलीला नववा हिस्सा, १६ चौरस फूट. प्रत्येक भावाला ६४. कल्याणीच्या पंडिताने १२ दिले होते. सुमारे साडेआठशे वर्षांत बहिणीची जागा चार चौरस फुटांनी वाढली.

राहत्या घराच्या बाबतीत मात्र हे १६ फूटही तिला मागून घेता येत नव्हते. त्या अधिनियमाच्या २३ व्या कलमाने अशी तजवीज केली होती की, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीने मागू नये. पुरुष वारस आपसांत वाटणी करू इच्छितील तोवर तिने थांबावे. घरात राहण्याचा हक्क तेवढा तिला दिला. तोही मुलगी अविवाहित असेल, विधवा असेल, नवऱ्याने टाकलेली असेल किंवा त्याच्यापासून वेगळी राहत असेल तरच. सुखाने नांदणाऱ्या लेकीला तोही हक्क नव्हता. परघरचा जावई आत शिरून राहते घर मोडील, ही भीती या कलमामागे होती. ती सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येणार नाही. परंतु परका मनुष्य घरात शिरू नये यासाठी १८९३ च्या वाटणी अधिनियमात सोय आधीच होती: कुटुंबाबाहेरच्याने हिस्सा विकत घेऊन वाटणी मागितली तर घरच्या भागीदाराला तो हिस्सा वाजवी किमतीत परत घेता येतो. घर वाचवण्याचा हा उपाय असताना मुलीलाच दाराबाहेर थांबवण्याचे कारण नव्हते.

२३ व्या कलमाचा सर्वांत विपरीत परिणाम एकुलत्या भावाच्या बहिणीवर झाला. भाऊ एकच, त्याने वाटणी करायची तर कोणाशी? १९९६ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा कलमाची मनाई एकुलत्या भावाच्या बाबतीतही लागू राहते, असा निर्णय झाला. घर भाड्याने देऊन त्याने स्वतःच त्याचे राहतेपण संपवले तर गोष्ट वेगळी. एरवी बहिणीने वाट पाहावी. वाट किती पाहावी, याला मर्यादा नव्हती.

व्यवहारात मामला न्यायालयापर्यंत क्वचितच जाई. त्याआधीच हक्कसोडपत्र तयार होई. आपला हिस्सा आपण राजीखुशीने भावाच्या नावे सोडत आहोत, असे त्यात लिहिलेले असते आणि खाली बहिणीची सही. ही सही बहुतेक वेळा खरोखर राजीखुशीची असते, कारण तिच्या मोबदल्यात बहिणीला एक गोष्ट मिळते आणि तिची नोंद कोणत्याही दस्तात होत नाही. ती म्हणजे माहेर. दिवाळीला बोलावणे, भाऊबीजेचे पाट, बाळंतपणाला हक्काची जागा, वाईट दिवस आले तर परतण्याचे दार. सोळा फूट मागायचे की दार उघडे ठेवायचे, असा सौदा तिच्यापुढे असतो. तिने काय निवडावे, हे बाहेरच्याने सांगू नये; पण असा सौदा भावापुढे कधीच येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पहिला बदल कल्याणीच्या किंवा मुंबईच्या बाजूने न होता हैदराबादेतून व्हावा, हे इतिहासाचे एक वळण. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची पद्धतच रद्द केली होती. पण ती कायम ठेवून मुलीला तिच्यात बरोबरीची जागा देणारे पहिले राज्य आंध्र प्रदेश. १९८६ साली, नंदमुरी तारक रामाराव मुख्यमंत्री असताना, तेथील विधानसभेने हिंदू उत्तराधिकार अधिनियमात दुरुस्ती केली आणि ती ५ सप्टेंबर १९८५ पासून लागू धरली. मुलगीही मुलाप्रमाणे जन्मतः भागीदार झाली. तमिळनाडूने १९८९ साली आणि महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी १९९४ साली तोच मार्ग धरला. याचा अर्थ असा की, जामबागेत वाढलेल्या मराठी मुलीला जो हक्क आला, तो औरंगाबाद-नांदेडच्या तिच्या चुलत बहिणींना यायला आणखी नऊ वर्षे लागली. मात्र या कायद्यातही एक मेख होती. तो लागू होण्यापूर्वी ज्यांची लग्ने झाली, त्या मुली वगळल्या होत्या. एकाच माजघरात निजलेल्या दोघी बहिणींपैकी थोरलीचे लग्न १९८४ साली झाले म्हणून तिला काही नाही आणि धाकटीचे १९८६ साली झाले म्हणून तिला भावाएवढे, असा भेद एका तारखेने पडला.

विधी आयोगाने २००० साली आपल्या १७४ व्या अहवालात या सगळ्याचा परामर्श घेतला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर केंद्रीय दुरुस्ती अमलात आली. मुलगी विवाहित असो वा अविवाहित, ती जन्मतः भागीदार ठरली. २३ वे कलमही त्याच दुरुस्तीने गळले. ४९ वर्षे दारात उभ्या असलेल्या बहिणीला राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार आला. २००५ साली वडील हयात नव्हते त्यांच्या मुलींचे काय, यावर पुढे पंधरा वर्षे उलटसुलट निकाल झाले. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हक्क जन्माने येतो, तेव्हा त्या दिवशी वडील जिवंत असण्याची अट नाही. जन्मतः मालकी हा शब्द विज्ञानेश्वराचाच. त्यात मुलीचा जन्म मोजला जाण्यास नऊ शतके लागली. आपल्या खोलीत आता तिला ४८ चौरस फूट आणि भावांनाही प्रत्येकी ४८.

अर्थात कागदावरचे ४८ फूट जमिनीवर उतरवणे हे काम निराळेच. दावा दाखल होतो, प्रत्येकाचा वाटा सांगणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यावरून वाटणी पुरी झाली असे समजू नये. आंध्र प्रदेशातील एका दाव्यात असा हुकूमनामा १९९९ सालीच झाला होता. अंतिम हुकूमनामा व्हायचा असताना २००५ ची दुरुस्ती आली आणि बहिणींनी वाढीव हिस्सा मागितला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, कारण अंतिम हुकूमनाम्यापर्यंत वाटणी चालूच असते. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर न्यायालय आयुक्त नेमते. तो भावंडांना बोलावून घर मोजतो, नकाशा काढतो, आणि मग सुरू होतो सरस-निरस मानाने वाटप करण्याचा खटाटोप. रस्त्याकडची खोली सरस, न्हाणीघराशेजारची निरस. एकाला उजेड दिला तर दुसऱ्याला चार फूट जास्त द्यावे लागतात, किंवा रोख रक्कम देऊन पारडे समान करावे लागते. घर इतके लहान असले की तुकडे करून कोणाच्याच उपयोगी पडणार नाही, तर १८९३ च्या अधिनियमाप्रमाणे ते विकून पैसे वाटण्याचा हुकूमही होऊ शकतो. शहरातील कित्येक जुन्या वाड्यांचा शेवट असाच झाला. त्यांच्या जागी इमारती उठल्या आणि भावंडांना वेगवेगळ्या मजल्यांवर एकसारख्या सदनिका मिळाल्या.

वाडा टिकला तर मात्र आयुक्ताच्या नकाशात एक पट्टा कोणाच्याच वाट्यात धरलेला नसतो. रस्त्यावरच्या दिंडीतून निघून, ओसरीच्या कडेने, चौक ओलांडून आडापर्यंत तो जातो. त्याच्यावर आयुक्त लिहितो: सामाईक, येण्याजाण्याची वाट. विज्ञानेश्वराने या पट्ट्यासाठी ‘प्रचार’ हा शब्द जसाचा तसा ठेवला होता.